नुसतं क्लोरोफॉर्म

त्या लॅबमध्ये मराठी फक्त दोघींना येत होती, आणि दोघी ती भाषा भांडायलाच वापरत. बाकीचा सगळा कारभार हिंदीत. म्हणून अनुजा कापगते आणि दामिनी लांजेवार टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून हळू आवाजात मराठी बोलायला लागल्या की गाईड डॉ. चंद्राकरांना बरं वाटायचं. एकदा ते पाहुण्या प्राध्यापकांना कौतुकानं म्हणाले, "दोनों एक ही तरफ की हैं. बहनों जैसी रहती हैं."

त्या क्षणी अनुजा दामिनीला म्हणत होती, "तुह्या हातालेच घाण आहे. तू हात लावशील ते सडते."

दोघींची घरं मूळची साकोलीकडची. अनुजाचे वडील बळीराम आणि दामिनीचे वडील हिरालाल, दोघं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर, बावीस वर्षं एका शिफ्टला होते. रिटायर झाल्यावर सेक्टरातले क्वार्टर सुटले. हिरालालनं कोहक्यात घर बांधलं, बळीरामनं जुनवानीत. तरी रविवारी सकाळी बळीरामची स्कूटर कोहक्यात यायचीच. दामिनीला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा हिरालाल निर्धास्त झाला होता. "बळीरामची पोरगी तीन वर्षं पुढं आहे तिथं. तुले सांभाळून घेईल."

तिनं सांभाळून घेतलं नाही, आणि त्यात दामिनीचाही हात होता. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये अनुजानं मायक्रोस्कोपचा एक फोटो दाखवला. दामिनीनं हात वर करून सांगितलं की फोटोच्या कोपऱ्यातली मापाची रेघ चुकली आहे, दहापट लहान दाखवली आहे. ती खरंच चुकली होती. अनुजानं सगळ्यांसमोर "थँक यू" म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून लॅबमधली काचेची चांगली सिरिंज दामिनीला कधी सापडली नाही.

काम तसं सुंदर होतं. दुधात फॅटचे बारीक बारीक थेंब तरंगत असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती लिपिडचा एक तीन पदरी पापुद्रा असतो. बाळाच्या पोटात पचनाचं एन्झाइम, लायपेज, त्या थेंबाला आधी कुठे धरतं, हे त्या पापुद्र्याच्या रचनेवर ठरतं. खऱ्या थेंबावर ते बघणं कठीण. म्हणून या लॅबमध्ये पापुद्र्याचा सगळ्यात बाहेरचा पदर तेवढा पाण्यावर तयार करत. टेफ्लॉनचं एक उथळ, लांबट भांडं, त्याला सगळे ट्रफ म्हणत. त्यात अतिशुद्ध पाणी भरायचं, लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून थेंबाथेंबानं पाण्यावर सोडायचं, क्लोरोफॉर्म उडून जाऊ द्यायचं. मागे उरते ती एका रेणूच्या जाडीची फिल्म. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हळूहळू जवळ आणत ती फिल्म दाबायची आणि किती दाब येतो ते मोजायचं. चमकणारा रंग मिसळलेला असला की मायक्रोस्कोपखाली फिल्म उजळ दिसते आणि तिच्यात काळी बेटं दिसतात. लिपिड जिथे दाटीवाटीनं बसतात तिथे ही बेटं होतात. लायपेज बेटांच्या किनाऱ्यावर येऊन चिकटतं.

अनुजाच्या फिल्ममधली बेटं मोठी असत आणि त्यांचे किनारे हाताच्या बोटांसारखे फाकलेले. किनारा जितका लांब, तितकी लायपेजला जागा जास्त. या एका गोष्टीवर तिचा पेपर छापून आला होता आणि थीसिसची तीन प्रकरणं उभी होती. दामिनीला काम मिळालं होतं ते पुढचं. अनुजाची फिल्म जशीच्या तशी बनवायची आणि मग तिच्यावर वेगवेगळी लायपेज सोडून बघायची.

दामिनीला ती फिल्म बनवता आली नाही. सात महिने झाले. तिची बेटं यायची ती लहान, गोल, मुकाट. एकालाही बोटं फुटत नव्हती.

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये तिनं ते सांगितलं. अनुजा उठली आणि सरळ हिंदीत म्हणाली, "सर, ये ट्रफ ठीक से साफ ही नहीं करती. बालों में तेल लगाके आती है. पानी पे तेल गिरेगा तो क्या फिल्म बनेगी?"

खोलीत नऊ जण होते. कोणीतरी हसलं. दामिनीनं कॅप घालूनच काम केलं होतं, ट्रफ तीन वेळा धुतलं होतं, वहीत वेळेसकट लिहिलं होतं. ते सांगायला तिनं तोंड उघडलं तोवर चंद्राकर सर म्हणाले, "ठीक है. आज से दामिनी अकेले ट्रफ नहीं चलाएगी. अनुजा सामने रहेगी तभी."

त्या रविवारी आई, नलू, तेलाची वाटी घेऊन मागे बसली तर दामिनीनं डोकं बाजूला घेतलं. "नको."

"कावून? काल तर म्हणत होती डोकं दुखून राहिलं."

"नको म्हटलं ना आई!"

अनुजा समोर असली की काम व्हायचंच नाही. ती नेमकी तेव्हा फोनवर बोलायला जायची, आणि ती गेली की दामिनीनं थांबायचं, तोवर फिल्म खराब. दोन महिने असे गेले. रिकाम्या वेळात दामिनी फक्त बघत बसे. अनुजा फ्रीजमधून रॅक काढते, त्यातली प्लॅस्टिकची टोपीवाली छोटी नळी उचलते, सिरिंज भरते, सोडते. बोटं फाकलेली बेटं. दर वेळी.

एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण स्वतः लिपिड कधीच प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलेलं नाही. त्याचं कारणही अनुजाच होती. नळ्यांचा डबा तिनं स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवला होता, म्हणून दामिनी कपाटाच्या तळाशी पडलेल्या जुन्या काचेच्या कुप्या धुऊन वापरत आली होती.

क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकला सोडत नाही. बारावीच्या पोरालाही ते माहीत असतं. हळूहळू आतून काहीतरी ओढून घेतं, डोळ्यांना न दिसणारं.

ड्रॉवर उघडा राहिला त्या दिवशी दामिनीनं दोन रिकाम्या नळ्या उचलल्या. त्यात नुसतं क्लोरोफॉर्म भरलं. लिपिड नाही, रंग नाही, काही नाही. दोन काचेच्या कुप्यांतही तेवढंच भरलं आणि चारही फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवल्या. दोन आठवड्यांनी अनुजा चुलतबहिणीच्या लग्नाला साकोलीला गेली. दामिनीनं ऑफिसमधून लॅबची दुसरी किल्ली घेतली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: "ट्रफ की सफाई." खोटं लिहिलं. भर दुपारी दार लावून घेतलं आणि सुरुवात केली.

आधी काचेच्या कुपीतलं. थेंब सोडले, वीस मिनिटं थांबली, पट्ट्या जवळ आणल्या. दाब शून्यावरून हलला नाही. पाण्यावर काही नव्हतंच तर दाबणार काय.

मग प्लॅस्टिकच्या नळीतलं. पट्ट्या अर्ध्यावर आल्या आणि आलेख वर चढायला लागला. दोन. चार. साडेसहा. पाण्यावर काहीतरी होतं. दुसऱ्या नळीतलं घेतलं, तेच. मग तिनं काचेच्या कुपीतल्या आपल्या लिपिडमध्ये त्या नळीतलं थोडं क्लोरोफॉर्म मिसळून सोडलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मोठी काळी बेटं होती आणि त्यांना बोटं फुटली होती.

तिला हसू आलं. एकटीच त्या बंद खोलीत हसली, आणि ते हसू चांगलं नव्हतं हे तिला तेव्हाही कळत होतं.

अनुजा सोमवारी परतली. लग्नातल्या अनारशांचा डबा तिनं सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवला, दामिनीच्या टेबलापाशी झाकण लावलं आणि पुढे गेली. गुरुवारी तिचा थीसिसआधीचा सेमिनार होता, बाहेरचे दोन परीक्षक येणार होते.

म्हणजे हातात तीन दिवस होते. मंगळवारी संध्याकाळी पाचला दामिनी आलेखांचे कागद घेऊन लॅबच्या दारापर्यंत गेलीही. अनुजा एकटीच भिंतीकडे बघत स्लाइडची वाक्यं पाठ करत होती. थकलेली दिसत होती. दामिनी उंबऱ्यात थांबली.

अनुजानं वळूनही पाहिलं नाही. "काय पाहून राहिली? ट्रफ मोकळं नाही आहे."

दामिनी परत फिरली. कागद बॅगेत गेले.

गुरुवारी सेमिनार चांगला चालला होता. अनुजा बोलायची छान. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर दामिनी उठली. तिनं हिंदीत विचारलं, "लिपिड का घोल किसमें रखा था?"

अनुजा म्हणाली, "ट्यूब में. प्लॅस्टिक की."

"खाली क्लोरोफॉर्म का ब्लँक किया था? उसी ट्यूब से?"

ब्लँक, म्हणजे लिपिडशिवायची नुसती तपासणी, अनुजानं कधी केलीच नव्हती. दामिनी पुढे आली, पेनड्राइव्ह लावली आणि भिंतीवर आपले दोन आलेख दाखवले, एक सपाट, एक चढता. मग बोटं फुटलेल्या बेटांचा फोटो. तिनं सगळं पाच मिनिटांत सांगितलं, आवाज न चढवता. आवाज चढवायची गरजच नव्हती.

बाहेरचे वयस्कर परीक्षक पुढे वाकले. "बेटा, ब्लँक कभी नहीं किया? चार साल में?"

अनुजानं चंद्राकर सरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरांनी समोरचे कागद नीट लावले आणि म्हणाले, "अनुजा, ये तो बेसिक चीज़ है."

सेमिनार तिथेच थांबला. कॉरिडॉरमध्ये अनुजानं दामिनीला गाठलं. तिचे डोळे कोरडे होते. "तुले कधी समजलं हे?"

"शुक्रवारी."

"तू मंगळवारी आली होती दारात. तवा हेच सांगायले आली होती ना?"

दामिनीनं पेनड्राइव्ह बॅगेत टाकली.

"मंग सांगितलं कावून नाही?"

"तू मले सगळ्यायसमोर घाण म्हटलं होतं."

"म्हणून?"

"हो. म्हणून."

अनुजानं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी, आणि निघून गेली.

रविवारी बळीरामची स्कूटर आली नाही. हिरालाल दहा वाजेपर्यंत फाटकाशी खुर्ची टाकून बसला, मग आत आला. शनिवारी बळीरामचा फोन येऊन गेला होता, दामिनीला ते माहीत नव्हतं.

"बळीराम म्हणे, तुह्या पोरीनं माह्या पोरीले भर सभेत उभं सोललं. खरं आहे?"

"चुकलं होतं तिचं, बाबा. चार वर्षं चुकून राहिली होती. मी पकडलं."

"मी ते नाही विचारलं. बाजूले घेऊन कावून नाही सांगितलं?"

दामिनीनं मग सगळं सांगितलं. सिरिंज, तेल, कुलूप, अनारशांचा डबा. हिरालालनं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या भट्टीच्या बॅटरीवर एक होता," तो म्हणाला, "माह्याशी त्याचं जमतच नव्हतं. त्यानं माही खोटी रिपोर्ट केली होती, एक प्रमोशन गेलं माहं. पण त्याच्या बाजूनं गॅस लीक दिसली का मी आधी त्यालेच ओरडत होतो. मंग रजिस्टरवर लिवत होतो. आधी माणूस, मंग रजिस्टर."

"इथं कोणी मरत नव्हतं, बाबा."

"मी कोठं म्हणतो मरत होतं," हिरालाल म्हणाला आणि पेपर उघडून बसला. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. दामिनीला वाटलं, याच्यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर बरं.

चंद्राकर सरांनी सोमवारी दोघींना बोलावून घेतलं. अनुजाचे सगळे प्रयोग पुन्हा होणार होते, काचेच्या कुप्यांत, आणि ते दोघींनी मिळून करायचे. एकीनं फिल्म सोडायची, दुसरीनं नोंदी घ्यायच्या, प्रत्येक पानावर दोघींच्या सह्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. एकीच्या शब्दावर त्यांचा आता विश्वास नव्हता आणि दुसरीची त्यांना भीती वाटत होती.

सहा महिने त्या दोघी रोज आठ आठ तास एका ट्रफवर वाकून उभ्या राहिल्या. कामापलीकडे एक शब्द नाही. दामिनीनं वजन केलं की अनुजा तीच कुपी उचलून पुन्हा वजन करी. अनुजानं थेंब सोडले की दामिनी मोठ्यानं मोजी. "सतरा नाही, सोळा पडले. टाकून दे." आणि अनुजा दात आवळून अख्खी फिल्म टाकून देई, पुन्हा धुवायला घेई. दुसऱ्या दिवशी ती दामिनीची पाच तासांची मेहनत तशीच टाकायला लावी. एका नखाएवढी सवलत कोणी कोणाला दिली नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. जुन्या आणि नव्या नोंदी जुळवायच्या होत्या म्हणून अनुजानं आपली पहिल्या वर्षाची वही काढली आणि टेबलावर टाकली. दामिनी पानं उलटत गेली. एका पानावर लाल शाईत, दुसऱ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "काँच की शीशी टूटती है, महँगा लिपिड बरबाद होता है. आगे से प्लॅस्टिक ट्यूब." खाली चंद्राकर सरांची आद्याक्षरं आणि तारीख.

दामिनीनं ते दोनदा वाचलं. "हे सरांनी सांगितलं होतं?"

"लिहिलं तर आहे."

"मंग त्या दिवशी बोलली कावून नाही? वही दाखवाची होती!"

अनुजा सिरिंज धूत होती. ती थांबली नाही. "थीसिसवर सही कोणाची लागते? तुही?"

दामिनीनं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. अनुजानं ते पाहिलं आणि सिरिंज वाळत ठेवली.

मार्चमध्ये आकडे आले. बेटं लहान आणि गोलच होती, सात महिने दामिनीला दिसत होती तशीच. पण लायपेज त्यांच्याही किनाऱ्यावरच चिकटत होतं, फक्त सावकाश. अनुजाचा मोठा दावा गेला. खालचा लहान दावा उरला, आणि तो पक्का होता. थीसिस दोन प्रकरणांनी कमी होऊन का होईना, उभा राहत होता.

छापलेल्या पेपरची दुरुस्ती पाठवायची होती. सरांनी मसुदा केला. नव्या प्रयोगांमुळे त्यावर दामिनीचीही सही लागत होती. तिनं वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं की ही चूक विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे घडली.

ती कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, मैं इस पर साइन नहीं करूँगी."

"क्यों? तुम्हीं ने तो सबके सामने साबित किया था."

"मैंने प्लॅस्टिक साबित किया था. लापरवाही मैंने नहीं कही. पहली नोटबुक में आपका लिखा हुआ है." तिनं फोटो दाखवला. "यह पन्ना साथ में भेज दीजिए, मैं साइन कर देती हूँ."

सरांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. "दामिनी, तुम्हारा थीसिस भी मेरे ही पास है. याद है ना?"

"याद है, सर."

ती कागद टेबलावर ठेवून बाहेर आली. पुढचे तीन आठवडे सरांनी तिच्या एकाही मेलला उत्तर दिलं नाही. पुण्याच्या परिषदेसाठी तिचं नाव होतं, ते यादीतून गेलं. नंतर एक नवा मसुदा आला. तिसरी ओळ बदलली होती: "प्रयोगशाळेच्या तेव्हाच्या पद्धतीनुसार द्रावण प्लॅस्टिकच्या नळ्यांत ठेवले गेले." दामिनीनं सही केली. महिन्याभरात तिला कळवण्यात आलं की सरांकडे विद्यार्थी फार झाले आहेत, तिनं दुसरा गाईड बघावा. म्हणजे एक अख्खं वर्ष वाढलं.

अनुजानं हे सगळं ऐकलं होतं. एका दुपारी ट्रफ पुसता पुसता ती म्हणाली, "माह्यावर उपकार करू नको. मी मांगला नव्हता."

"तुह्यासाठी नाही केलं. ती ओळ खोटी होती."

"बरं आहे मंग." तिनं फडकं पिळलं. "मी तुले माफ नाही करून राहिली."

"मी बी नाही."

एवढंच. पुन्हा दोघी कामाला लागल्या, आणि त्या दिवशीच्या दोन फिल्म दामिनीनं टाकायला लावल्या.

अनुजाची अखेरची परीक्षा मे महिन्यात झाली, उन्हाच्या कडाक्यात. दामिनी मागच्या रांगेत बसली. तेच वयस्कर परीक्षक होते. त्यांनी विचारलं की नळ्यांमधली गडबड शेवटी पकडली कोणी. अनुजानं क्षणभर मागच्या रांगेकडे पाहिलं. "दामिनी लांजेवार ने," ती म्हणाली, आणि पुढच्या स्लाइडवर गेली. आवाजात आभार नव्हते. हजेरी घेताना नाव घ्यावं तसं घेतलं.

नंतर बाहेर मांडवात चहा होता. बळीराम सगळ्यांशी हात मिळवत होता. दामिनीपाशी आल्यावर त्यानं तिच्या डोक्यावरून पलीकडे कोणाला तरी हाक मारली आणि गेला. अनुजाची आई सिंधुताई ट्रे घेऊन फिरत होती. ती दामिनीसमोर थांबली. दामिनीला वाटलं ट्रे पुढे जाईल.

"घे," सिंधुताई म्हणाली. "सगळ्यायलेच देऊन राहिली."

दामिनीनं पेला घेतला. "काकू, अभिनंदन."

"पोरीले सांग ते."

पण अनुजा गर्दीच्या पलीकडे होती, आणि दामिनी तिकडे गेली नाही. चहा उभ्या उभ्या संपवून तिनं पेला टोपलीत टाकला आणि नव्या गाईडचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, तिकडे जिना चढायला लागली.